स्वयंपाकघर लावून देणारी कंपनी

अनघाला एका कॉलेजात बोलायला बोलावलं आहे. नवीन कंपनी काढू बघणाऱ्या मुलामुलींना अनुभवाच्या गोष्टी सांगायच्या आहेत. ती मला म्हणाली, "काकू, तुम्ही पण चला. अर्धी कंपनी तुमचीच आहे." मी नाही म्हटलं. चार माणसं माझ्याकडे बघायला लागली की मला धड बोलता येत नाही. मग ती म्हणाली, "बरं, लिहून तरी ठेवा. तुम्हाला जे खरंच कामाचं वाटतं ते." म्हणून दुपारची बसून लिहिते आहे. शाळा माझी चौथीपर्यंतच झाली. पण हे सीमेवर असायचे तेव्हा पत्रं लिहायची सवय लागली. बोलताना जे जमत नाही ते लिहिताना जमतं. यातलं किती तिला द्यायचं ते नंतर ठरवीन.

आधी आमची कंपनी काय करते ते सांगते, कारण ते ऐकून लोक हसतात. माणसं घर बदलतात तेव्हा ट्रकवाले येतात, सगळं खोक्यात भरतात आणि नव्या घरात खोकी उतरवून जातात. मग घरातली बाई पुढचे कितीतरी दिवस चहाची गाळणी शोधत बसते. आम्ही बायका येतो. जुन्या घरातलं स्वयंपाकघर, देव आणि कपड्यांची कपाटं बांधतो आणि नव्या घरात लावून देतो, ते असं की त्याच संध्याकाळी घरात भाजी-पोळी व्हावी. पलंग, सोफा आम्ही उचलत नाही. ट्रकही आमचा नाही.

हे काम आम्हाला कुणी शिकवलं नाही. फौजी माणसाशी लग्न झालं की ते येतंच. पोस्टिंगचा कागद आला की काळ्या ट्रंका बाहेर निघायच्या. कुकरच्या पोटात वाट्या, वाट्यांच्या पोटात चमचे, काचेच्या बाटल्यांना साड्या गुंडाळायच्या. ट्रंक भरली की दोघींनी धरून हलवायची. आतून आवाज आला तर परत उघडायची. हे सगळं लाइनीतल्या, म्हणजे फौजी क्वार्टरांतल्या, बायका एकमेकींसाठी करायच्या. त्याला काही किंमत असेल असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

हे रिटायर झाल्यावर आम्ही दिल्लीत पालमला खोली घेतली आणि यांना गुरुग्राममध्ये एका सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझरचं काम मिळालं. अनघा त्या सोसायटीत भाड्याने राहायची. आईवडील दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये, ही नोकरीसाठी इकडे. ती फ्लॅट बदलत होती तेव्हा ट्रकवाल्यांनी फिनेल आणि पोहे एकाच खोक्यात भरले. यांनी मला न विचारता तिला सांगून टाकलं, "आमच्या घरातून येतील मदतीला." मी गेले. भांडी लावली. ती दाराशी उभी राहून बघत होती.

"काकू, याचे लोक पैसे देतील," ती म्हणाली.

"भांडी लावायचे?"

"बिल्कुल देतील. मीच देते आत्ता."

मला वाटलं, शिकलेली पोर आहे, थट्टा करते. पण महिन्याभरात तिने नोकरी सोडली. आमच्या गल्लीतली कमल, जिचा नवरा यांच्याच पलटणीतला, ती आली. कमलच्या ओळखीने आणखी चौघी आल्या. अनघाचे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. ते चिडले नाहीत, ते चिडत नाहीतच. त्यांनी तिला एवढंच सांगितलं, "मी रिटायर होईपर्यंत करून बघ. नंतर हे क्वार्टर जाणार, पगार जाणार. तोपर्यंत तुझं बस्तान बसलं नाही तर मुकाट्याने परत नोकरी धरायची." तिने कबूल केलं. तेव्हापासून आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर ती वेळ होती. कंपनी बंद पडली असती तर अनघाला दुसरी नोकरी मिळाली असती. आम्हाला कोण घेणार होतं? पुन्हा कुणाच्या तरी घरी पोळ्या लाटणं, नाहीतर काहीच नाही.

पहिली गोष्ट त्या मुलांना सांगावीशी वाटते ती ही. सुरुवातीला मी प्रत्येकीचं स्वयंपाकघर माझ्यासारखं लावायची. पीठ खाली डावीकडे, मसाले चुलीच्या वर, तेल हाताशी. बघायला सुंदर दिसायचं. बायका फोटो काढायच्या, कौतुक करायच्या. आठवड्याने त्यांना फोन करून बघायची कल्पना अनघाची. तिने विचारलं, "आम्ही लावलेलं काय काय हलवलंत?" एकीने सांगितलं, "मसाले." दुसरीने सांगितलं, "सगळंच." मला वाईट वाटलं. कमल म्हणाली, "लोकांना अक्कल नाही." अनघा म्हणाली, "कमलमावशी, लोक पैसे देतात, अक्कल आपण आणायची."

मग आम्ही एक पद्धत बसवली. नव्या घरात गेलं की आधी काहीच लावायचं नाही. ओट्यावर चहाचं सामान ठेवायचं आणि घरातल्या बाईला म्हणायचं, एक कप चहा करा. ती चहा करताना तिचा हात कुठे जातो ते बघायचं. डब्यासाठी ती वर बघते की खाली वाकते, चमचा उजवीकडे शोधते की डावीकडे. हात जिथे जातो तिथे ती वस्तू ठेवायची. एवढंच. यानंतर फोन केला तर लोक म्हणायचे, काहीच हलवलं नाही.

कधी ही पद्धतही चालत नाही. एका उंच टॉवरमध्ये एकटा राहणारा मुलगा होता, कुठल्याशा मोठ्या कंपनीत. त्याला म्हटलं, चहा करून दाखवा. त्याने फोन काढला आणि चहा मागवला. दहा मिनिटांत एक माणूस कागदी पेल्यात चहा घेऊन दारात. कमल त्या चहाकडे बघतच राहिली. त्याच्या फ्रीजमध्ये सॉसच्या बाटल्या आणि चेहऱ्याला लावायची क्रीम, एवढंच होतं. आम्ही एक कपाट पुसून परत आलो. अनघाने त्याचे पैसे घेतले नाहीत. ती म्हणाली, "हे आपलं गिऱ्हाईक नाही. कोण आपला नाही ते कळणं पण चांगलं असतं."

दुसऱ्या एका घरात सासू-सून दोघींनी चहा केला, एकीनंतर एक. सासूचा हात साखरेसाठी डावीकडे जायचा, सुनेचा उजवीकडे. मी साखरेचे दोन डबे ठेवले. सून खाली सोडायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "दीदी, आपने तो हमारा घर बचा लिया." घर काही मी वाचवलं नव्हतं. पण ते ऐकून दिवसभर बरं वाटलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

मेहरा मॅडम नावाच्या एक बाई होत्या. गुरुग्रामच्या एका मोठ्या ऑफिसात त्यांचं काम असं होतं की बाहेरगावाहून बदलून येणाऱ्या लोकांना घर बघून देणं, शाळा बघून देणं. म्हणजे वर्षभर लोकांचं सामान त्यांच्या हाताखालून हलायचं. त्या स्वतः करोल बागेतलं जुनं घर सोडून गुरुग्रामला येत होत्या, सासूला घेऊन. त्यांनी अनघाला सांगितलं, "आधी माझं घर करा. आवडलं तर ऑफिसचं सगळं काम तुमचं." अनघाच्या वडिलांच्या रिटायरमेंटला तेव्हा थोडेच महिने उरले होते. हे काम मिळालं तर कंपनी उभी राहणार, नाहीतर नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी कमलसुद्धा इस्त्रीची साडी नेसून आली.

करोल बागेतलं घर तिसऱ्या मजल्यावर, खाली गाड्यांच्या पार्टची दुकानं, जिन्याखाली इस्त्री करणाऱ्या प्रेसवाल्यांचं टेबल. आम्ही दुपारपर्यंत स्वयंपाकघर बांधून काढलं. मग कमलने तेच केलं जे आम्ही प्रत्येक पोस्टिंगला करतो. लाइनीत रिवाज आहे, फोडलेलं सामान पुढच्या गावी न्यायचं नाही. अर्धं पीठ, अर्धं तेल, लोणचं, सगळं शेजारीपाजारी वाटून टाकायचं. तेल सांडून ट्रंक खराब होत नाही, आणि मागे राहिलेली माणसं नाव काढतात. आमच्यात ते इतकं मुरलेलं आहे की कुणी कुणाला विचारत नाही. कमलने उघडं पीठ, तेल, डाळी आणि फडताळात अगदी मागे असलेली, तोंडाला फडकं बांधलेली लिंबाच्या लोणच्याची एक बरणी खाली प्रेसवालीला देऊन टाकली. आत काळीभोर लिंबं होती. देताना मला म्हणाली, "ताई, चांगलं मुरलंय. कुणाच्या तरी तोंडी लागेल." मी मान हलवली.

गुरुग्रामच्या नव्या घरात आम्ही सगळं लावलं. मेहरा मॅडमनी चहा केला, मी हात बघितला, डबे ठेवले. त्या इतक्या खूश झाल्या की अनघाला म्हणाल्या, सोमवारी ऑफिसला या. मग त्यांनी सासूबाईंना जेवायला वाढलं. आम्ही त्यांना माताजी म्हणायचो. बारीक, गोऱ्यापान, हात थरथरायचे. त्यांनी पोळीचा तुकडा तोडला आणि थांबल्या.

"अचार?"

मेहरा मॅडम ओट्यापाशी आल्या. "दीदी, मम्मीजी का नींबू का अचार किस डिब्बे में है? काला वाला."

कमलने माझ्याकडे बघितलं. मी अनघाकडे.

माताजींनी ते लोणचं जुन्या घराच्या गच्चीवर स्वतः घातलं होतं, हात नीट होते तेव्हा. मधल्या आजारपणानंतर त्यांचं जेवण तुटलं होतं. त्या लिंबाची एक फोड पोळीबरोबर असली तरच दोन घास पोटात जायचे, नाहीतर ताट सरकवायच्या. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं दिसलं की त्यांनी ताट सरकवलं.

गॅलरीत आम्ही तिघी उभ्या राहिलो. कमल रडायच्या बेतात होती. "माझ्याकडे गावचं लिंबाचं लोणचं आहे. असंच काळं झालंय. रिक्षाने जाऊन घेऊन येते. तसल्याच बरणीत भरू, म्हणू दुसऱ्या खोक्यात होतं. म्हातारीला काय कळतंय."

मला ते पटलं होतं. दुसरं काही सुचतच नव्हतं.

अनघा म्हणाली, "नको, मावशी. पकडले गेलो तर आजच संपलो. नाही पकडले गेलो तर पुढच्या वेळी परत असंच करू. ते त्याहून वाईट."

ती आत गेली आणि सरळ सांगितलं. "मॅम, अचार हमने नीचे बाँट दिया. हमारी गलती है."

"किससे पूछकर?" मेहरा मॅडमनी विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"किसीसे नहीं."

"ठीक है. आप लोग जाइए."

सोमवारचं त्या काही बोलल्या नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अनघाला फोन केला की करोल बागेत मी जाते. कमलला पाठवलं असतं तर तिने लोणचं आणलं असतं आणि भांडण तिथे ठेवून आली असती. मेट्रोतून उतरून त्या गल्लीत गेले खरी, पण जिन्याखाली येऊन नुसतीच उभी राहिले. दिलेली वस्तू परत मागायची, हे आमच्यात कुणी करत नाही. प्रेसवाली इस्त्रीत कोळसे घालत होती. तिनेच ओळखलं.

"क्या हुआ दीदी, कुछ रह गया?"

"वो अचार," मी म्हटलं, "गलती से दे दिया. माताजी का था."

"बीबीजी का?" तिने इस्त्री बाजूला ठेवली. "पहले बोलती ना. कल से सोच रही हूँ, बीबीजी ने अपना अचार मुझे कैसे दे दिया."

ती आतून बरणी घेऊन आली. त्यातलं थोडं तिने नणंदेला दिलं होतं, पोट बिघडलं म्हणून. "दवाई है," म्हणाली. थोडं समोरच्या पार्टच्या दुकानातल्या कारागिरांना गेलं होतं. तीच माझ्याबरोबर दुकानात आली आणि त्यांना म्हणाली, "निकालो, बीबीजी का है." एकाने जेवणाच्या डब्यातून दोन फोडी काढून बरणीत टाकल्या. हात काळ्या ग्रीसने माखलेला. बरणी निम्म्याच्या थोडी वर भरली. परत येताना मेट्रोत ती मांडीवर धरून बसले. शेजारची मुलगी वास घेऊन म्हणाली, "आंटी, भूख लग गई."

दार मेहरा मॅडमनीच उघडलं. बरणी बघून त्यांच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला. मग मी कुठून कशी आणली ते सांगितलं. त्या थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मम्मीजी को मत बताना. वो जूठा नहीं खातीं."

मी मान हलवली. पण माताजी आतूनच म्हणाल्या, "मिल गया? कहाँ रह गया था?"

मेहरा मॅडमनी माझ्याकडे बघितलं. खोटं पटकन सुचायला बोलायची सवय लागते, ती मला नाही. आणि गॅलरीतलं अनघाचं बोलणं अजून कानात होतं. मी म्हटलं, "करोल बाग में, माताजी. प्रेसवाली के पास था."

"रामकली के पास?"

"जी."

"खाया उसने?"

"जी. ननद को भी दिया. दुकानवालों ने भी खाया. जो बचा वो लाई हूँ."

माताजींनी बरणी मागून घेतली. फडकं सोडलं, आत बघितलं. मेहरा मॅडम दाराची चौकट धरून उभ्या होत्या.

"क्या बोली रामकली?"

"बोली, दवाई है."

"इतने साल उसने मेरे कपड़े प्रेस किए," माताजी म्हणाल्या, "मैंने उसे एक फाँक नहीं दी. माँगा था उसने, जब उसका बच्चा बीमार था. मैंने कहा, खत्म हो गया." मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "रोटी ला."

त्यांनी एक फोड घेतली आणि पोळी पूर्ण खाल्ली. कुणाच्या हाताची ते विचारलं नाही. मी तशीच उभी होते, तर मला म्हणाल्या, "तू भी खा ले, सुबह की निकली होगी." मी खाल्लं. लिंबू तोंडात विरघळून गेलं, वर जरासा कडवटपणा राहिला.

मला वाटलं, आता सगळं ठीक होईल. तसं झालं नाही. मेहरा मॅडमनी अनघाला ऑफिसचं काम दिलं नाही. त्यांनी साफ सांगितलं, "मम्मीजी मान गईं, वो उनकी बात है. ऑफिस में मेरा नाम लगेगा." त्यांचं म्हणणं खरंच होतं. ते महिने फार वाईट गेले. आमच्यातल्या दोघी सोडून गेल्या. एक शाळेत आया म्हणून लागली, दुसरी गावी परतली. कंपनी मोठी झाली की सगळ्यांना बरोबर घेऊ असं अनघा म्हणायची. त्या दोघी मागेच राहिल्या, याची रुखरुख आहे.

पण काही दिवसांनी मेहरा मॅडमचाच फोन आला. त्यांच्या ओळखीचे एक म्हातारे गृहस्थ लखनौचं घर बंद करून मुलाकडे यायचे होते. "आप लोग कर दो. मगर पूछकर हाथ लगाना." आम्ही गेलो. आधी घराच्या मध्ये खुर्ची टाकली, त्यावर आजोबांना बसवलं, आणि म्हटलं, तुम्ही सांगा. त्यांनी चष्म्याची तुटकी काडी नेली, अर्धी मेणबत्ती नेली. कमल दात-ओठ खात गुंडाळत होती, पण गुंडाळत होती. जुनी माणसं घर सोडतात तेव्हा मुलांना वाटतं, कमी सामान आलं तर बरं. म्हाताऱ्यांना वाटतं, जे येणार नाही ते आपलं राहणार नाही. या दोघांच्या मध्ये आम्ही उभ्या राहतो. काय न्यायचं, काय टाकायचं ते आम्ही ठरवत नाही. वाटून तर काहीच टाकत नाही. उघडं तेल असलं तरी झाकणाला चिकटपट्टी लावून नेतो.

त्या आजोबांवरून दुसरं घर मिळालं, त्यावरून तिसरं. आता आमचं बहुतेक काम असंच, मुलांकडे राहायला जाणाऱ्या म्हाताऱ्यांचं. अनघाने सगळ्या शहरांत शाखा काढायचं कागदावर लिहून ठेवलं होतं, ते झालं नाही. तिला त्याचं वाईट वाटतं. मला तितकं नाही, पण मी तिला तसं सांगत नाही.

आणि मग तिचे वडील रिटायर झाले. तिने मध्यंतरी एका ऑफिसात नोकरीसाठी मुलाखत दिली होती, त्यांनी बोलावलंही होतं. वडिलांशी या विषयावर तिचं बोलणं झालं नव्हतं, दोघंही टाळत होते. एक दिवस त्यांचा फोन आला, तिला नाही, मला.

"शालनताई, क्वार्टर रिकामं करायचंय. तुमची तारीख कधीची मिळेल?"

"अनघाला विचारते," मी म्हटलं.

"तिला विचारलं. ती म्हणाली, काकूंना फोन करा, नंबर लागेल तेव्हा येतील."

आम्ही गेलो. हॉलमध्ये खुर्ची टाकली, अनघाच्या वडिलांना बसवलं; आम्ही त्यांना काका म्हणतो. अनघाच्या आईने चहा केला, नव्या घरासाठी मी हात आधीच बघून ठेवला. काकांनी एक एक वस्तू सांगायला सुरुवात केली. बंद पडलेला टेबलफॅन न्यायचा. जुनी वर्तमानपत्रं न्यायची. कमल म्हणाली, "काका, हे पण?" ते म्हणाले, "हे पण." ती म्हणाली, "मग क्वार्टरच उचलून नेऊ या." ते हसले नाहीत, पण वर्तमानपत्रांतला एक गठ्ठा त्यांनी स्वतःच बाजूला काढला.

ते बराच वेळ आमचं काम बघत होते. कोण काय बांधतं, कोण कुणाला विचारतं. अनघा जमिनीवर बसून वाट्या एकीत एक घालत होती.

"त्या नोकरीचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

अनघाचे हात थांबले. मी आणि कमल खाली मान घालून गुंडाळत राहिलो. आईने आतला नळ बंद केला.

"नाही म्हणून सांगितलं, बाबा," ती म्हणाली.

ओट्यावर काय उरलंय तिकडे काकांनी मान वळवून बघितलं.

"मग थांबलीस का," ते म्हणाले. "कपबशा राहिल्यात."